आमचें धाकटेपण

वयाबरोबर मनुष्याच्या पदरीं ज्या अनेक गोष्टी आपोआप पडतात, त्यांत वडीलपणाइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाहीं. तें मिळविण्यास कांहीं करावें लागत नाहीं. नुसतें जगत राहिलें म्हणजे पुरे. केस पिकूं लागले कीं सभेंत पुढची खुर्ची मिळते, पंगतींत पहिला पाट मिळतो, आणि आपल्या बोलण्यास माना डोलविणारांची संख्या बोलण्यांतील तथ्याच्या मानानें नव्हे, तर आपल्या वर्षांच्या मानानें वाढत जाते. त्यांतून धंदा शिक्षकाचा असला तर मग विचारावयासच नको. आम्ही गेलीं तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. तीस वर्षें आम्ही उभे आणि समोरचे बसलेले, आम्ही बोलणारे आणि ते उतरून घेणारे, अशी व्यवस्था चालत आल्यावर आपणही कोणे एके काळीं कोणापुढें तरी बसलों होतों, ही आठवण पुसट होत जाते. शिकणें म्हणजे काय, हें शिकविणारास पुस्तकांवरून पुष्कळ ठाऊक असतें. अंगावरून जें एकदां ठाऊक झालेलें असतें, तें मात्र हळूहळू नाहींसें होतें.

मध्यंतरीं एका विद्यापीठाच्या निमंत्रणावरून आम्हांस एक शैक्षणिक वर्ष इंग्लंडांत काढण्याचा योग आला. तिकडे शरदृतूंत नवे विद्यार्थी दाखल होतांच विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या मंडळांची एक जत्राच भरते. एका विस्तीर्ण दालनांत टेबलें मांडून नौकानयनवाले, नाटकवाले, वादविवादवाले, गिर्यारोहणवाले आपापल्या फलकाखालीं उभे राहून, जाणाऱ्यायेणाऱ्यास हांका मारून सभासद गोळा करीत असतात. आम्ही जत्रेंत गेलों होतों ते केवळ जत्रा पाहण्यास. पण एका टेबलावर 'चिनी युद्धकला' असा फलक होता, आणि त्याखालीं 'पूर्वीच्या अभ्यासाची आवश्यकता नाहीं' असें एक वाक्य होतें. त्या वाक्यापाशीं आमचे पाय थबकले. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास जें जें म्हणून आमंत्रण येतें, तें त्याच्या पूर्वीच्या अभ्यासाच्या जोरावरच येतें. व्याख्यानाला बोलावितात तें पूर्वीं दिलेल्या व्याख्यानांवरून, परीक्षक नेमतात तें पूर्वीं घेतलेल्या परीक्षांवरून. ज्याला कांहींच येत नाहीं अशा माणसाची वाट पाहणारें हें पहिलेंच टेबल आमच्या दृष्टीस पडलें. वयाची कांहीं अट आहे काय, असें आम्हीं तेथील मुलीस विचारलें. तिनें आमच्याकडे एकवार पाहिलें आणि विचारलें, "जिना चढतां येतो ना? मग झालें!"

बिऱ्हाडीं येऊन ही वार्ता सांगितली, तेव्हां घरांतून प्रश्न आला, "अहो, घरांत सून यायचे दिवस आले, आणि तुम्ही आतां लाथा झाडायला शिकणार?" या प्रश्नास उत्तर नव्हतें, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशीं एक काळी सैल विजार आणि पातळ तळव्यांचे बूट विकत घेऊन आलों.

आठवड्यांतून दोन संध्याकाळीं विद्यापीठाच्या क्रीडागृहांत हा वर्ग भरे. शिकविणारा मलेशियांतील एक चिनी तरुण होता. तो अभियांत्रिकींत संशोधन करीत होता, आणि वयानें आमच्या मुलाएवढाच होता. ही विद्या त्याच्या घरीं आजोबांपासून चालत आलेली. आजोबा क्वालालंपूर येथील ज्या संस्थेंत ती शिकले, त्या 'चिंग-वू' मंडळाविषयीं पुढें सांगूं. पहिल्या दिवशीं त्यानें सर्वांस एका ओळींत उभें केलें. ओळीचा नियम साधा होता: जो मंडळांत आधीं आला तो उजवीकडे, जो मागाहून आला तो डावीकडे. वय, पदवी, पगार यांचा त्या ओळीशीं कांहीं संबंध नव्हता. आमची जागा अर्थातच डाव्या टोकाची शेवटची ठरली.

चिनी परंपरेंत या ओळीस नातीं आहेत. गुरूस 'शी-फू' म्हणतात, आणि त्या शब्दांतच पित्याचा भाव आहे. आपल्या आधीं आलेला पुरुष तो 'शी-श्युंग', म्हणजे गुरुघरचा थोरला भाऊ. आधीं आलेली स्त्री ती 'शी-च्ये', थोरली बहीण. आणि मागाहून आलेला तो 'शी-ती', धाकटा भाऊ. वयाचा येथें विचार नाहीं; ज्या दिवशीं तुम्ही दारांतून आंत आलांत, तोच तुमचा जन्मदिवस. आपल्याकडे गुरुबंधु हा शब्द आहे. पण त्या बंधुत्वांत थोरला कोण आणि धाकटा कोण हें ठरवितांना आपण बहुधा पिकलेल्या केसांकडेच पाहतों. येथें जत्रेंतल्या टेबलामागची तीच मुलगी, वय वर्षें एकोणीस, विषय रसायनशास्त्र, आमची थोरली बहीण ठरली. शिकविणारा तरुण स्वतःस 'शी-फू' म्हणवून घेत नसे. "माझे गुरु क्वालालंपूरला आहेत; मी तुमचा नुसता थोरला भाऊ," असें तो सांगे. तथापि मलेशियांतील चिनी लोकांत वडीलधाऱ्या परक्या माणसास नांवानें हांक मारणें अशिष्ट समजतात; त्यास 'अंकल' म्हणतात. आमच्या मुंबईपुण्याकडेही आतां तोच प्रघात पडला आहे. त्यामुळें वर्षभर आमच्या कानांवर "अंकल, गुडघा बाहेर!" अशीं वाक्यें पडत राहिलीं, कीं ज्यांच्या पूर्वार्धांत आम्ही काका असूं आणि उत्तरार्धांत धाकटे भाऊ.

आरंभ नमस्काराचा. उजव्या हाताची मूठ वळून तिजवर डाव्या हाताचा पंजा टेकवावयाचा. मूठ म्हणजे बल आणि पंजा म्हणजे विद्या व विनय. बलावर विनयाचें झांकण असावें, असा त्याचा एक अर्थ सांगतात. त्यानंतर 'मा-पू', म्हणजे घोड्यावर मांड टाकल्यासारखें उभें राहणें. दोन्ही पाय खांद्यांच्या रुंदीहून बरेच अधिक फांकवून समांतर ठेवावयाचे, मांड्या जमिनीशीं समांतर होत येतील इतकें खालीं बसावयाचें, पाठ ताठ, मुठी कमरेशीं, आणि मग कांहींएक करावयाचें नाहीं, नुसतें राहावयाचें. पाहणारास यांत कांहींच दिसत नाहीं. आम्हांसही पहिलीं वीस सेकंदें कांहीं दिसलें नाहीं. चाळिसाव्या सेकंदास मांड्या थरथरूं लागल्या, आणि साठाव्या सेकंदास काळ या पदार्थाविषयीं जें जें कांहीं तत्त्वज्ञान आम्हीं वाचलें होतें तें सर्व अपुरें वाटूं लागलें. लहानपणीं तालमीच्या दारांतून डोकावून बैठका काढणाऱ्या पोरांची गंमत पाहिली होती; वस्ताद त्यांस खालीं बसल्यावर क्षणभर थांबावयास कां लावीत, याचा उलगडा इतक्या वर्षांनीं परदेशांतील एका लांकडी जमिनीवर झाला.

मा-पू साधूं लागल्यावर 'थान-थुई', म्हणजे उसळी घेणाऱ्या पायाचे मार्ग. एकेक मार्ग म्हणजे पांचसहा हालचालींचा एक गट. तोच एकदां उजव्या अंगानें व एकदां डाव्या अंगानें करीत दालनाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जावयाचें, आणि वळून परत यावयाचें. चिंग-वू परंपरेंत असे बारा मार्ग नवशिक्यास आधीं शिकवितात. यांतील लाथ उंच नसते. गुडघ्याच्या आसपास निघते. पण तिच्या आधीं शरीराचा सारा भार ज्या एका पायावर यावा लागतो, तो पाय पन्नाशींत फार प्रश्न विचारतो. पहिला मार्ग आमच्या पायांत बसण्यास सहा आठवडे लागले. बरोबरीच्या मुलांस दोन लागले होते.

या सहा आठवड्यांत आम्हांस जें प्रकर्षानें जाणवलें तें असें, कीं शरीराची विद्या शब्दांनीं शिकवितां येते ती फार थोडी. आमची थोरली बहीण बोलत नसे. ती शेजारीं येई, दोन बोटांनीं आमचा गुडघा किंचित् बाहेर सारी, खांदा तळहातानें खालीं दाबी, आणि निघून जाई. लहानपणीं धुळाक्षरें गिरवितांना वडिलांनीं आमचें बोट आपल्या हातांत धरून पहिला श्री काढविला होता. त्यानंतर शिकवितांना आमच्या हाताला कोणी हात लावला नव्हता. वरच्या वर्गांत जावें तसतसें शिक्षण हात सोडून जिभेवर येतें, आणि जिभेवरून कागदाच्या समासांत जातें. निबंधाच्या समासांत 'अस्पष्ट' एवढा शब्द लिहिला म्हणजे विद्यार्थ्याचें काम झालें असें जगांतील सर्व प्राध्यापक समजतात. पण स्पष्ट म्हणजे कसें, हें बोटानें दाखविण्याचें शास्त्र त्या रसायनशास्त्राच्या मुलीजवळ होतें.

'कुंग-फू' या शब्दाचा मूळ अर्थही हाच मार्ग दाखवितो. युद्धकलेस चिनी भाषेंत 'वू-शू' म्हणतात. 'कुंग-फू' म्हणजे एखाद्या कामीं घातलेला वेळ व श्रम, आणि त्या श्रमांनीं अंगीं आलेलें कसब. तें स्वयंपाकांतही असूं शकतें, सुलेखनांतही असूं शकतें. दक्षिण चीनमध्यें चहा करण्याच्या एका काळजीपूर्वक पद्धतीस याच शब्दावरून नांव पडलें आहे. अर्थात् ज्यास कुंग-फू आहे असें म्हणावयाचें, त्यानें तेथें वेळ घातलेला असला पाहिजे. तो त्याच्या बापानें घातला असून चालत नाहीं. ही गोष्ट कोशांत वाचून समजते. पण ती पटण्याचा प्रसंग आमच्यावर एका वेगळ्याच बाजूनें आला.

वर्ग संपल्यावर मंडळी विद्यार्थिगृहाच्या उपाहारगृहांत चहा घेत. अशाच एका संध्याकाळीं एक मुलगा डोळे विस्फारून आम्हांस म्हणाला, "तुम्ही तर भारतांतले! बोधिधर्म तुमच्याकडचा. तोच शाओलिनला गेला आणि त्यानें भिक्षूंस ही विद्या दिली. म्हणजे मुळांत हें सारें तुमचेंच कीं!" दुसऱ्यांनीं माना डोलविल्या, आणि चिनी नववर्षाच्या समारंभांत आम्हीं या विषयावर चार शब्द बोलावे, असा ठरावही तेथल्या तेथें झाला. डाव्या टोकाच्या शेवटच्या माणसास एका वाक्यासरशीं सर्वांच्या पलीकडे, मूळ पुरुषाच्या शेजारीं नेऊन बसविण्यांत आलें. खोटें बोलावें लागणार होतें अशांतला भाग नाहीं. नुसतें हंसून गप्प बसलों असतों तरी काम झालें असतें. मायदेशापासून चार हजार मैलांवर असतांना मायदेशाचा मोठेपणा कोणी आपण होऊन हातांत ठेविला, तर तो परत करणें किती जड जातें, हें ज्यानें अनुभविलें आहे त्यासच कळेल. शिवाय आमच्या देशांतही ही कथा अभिमानानें सांगतात. तें ओळीचें डावें टोक सोडण्याची इच्छा आमच्या मनांत नव्हती, असें आम्ही म्हणणार नाहीं.

परंतु तीस वर्षें मुलांस आधार दाखवा म्हणून सांगणारानें स्वतःच्या फायद्याच्या वेळीं आधार पाहूं नये, हें बरें नव्हे. म्हणून समारंभाच्या दिवशीं आम्ही उभे राहिलों आणि जें लिखित आहे तें सांगितलें. होनान प्रांतांत सुंग पर्वतावर शाओलिनचा मठ आहे. उत्तर वेइ घराण्याच्या श्याओवेन बादशहानें इ. स. ४९५ च्या सुमारास तो स्थापिला, आणि तो एका भारतीय भिक्षूसाठींच स्थापिला हें खरें. पण त्या भिक्षूस चिनी लोक बा-थुओ म्हणत, तो बोधिधर्म नव्हे. ६२१ मध्यें त्या मठांतील भिक्षूंनीं पुढें थांग घराण्याचा बादशहा झालेल्या ली शिमिन यास युद्धांत साहाय्य केलें, व ७२८ च्या शिलालेखांत त्याची नोंद आहे. पण बोधिधर्मानें कोणास मूठ वळावयास शिकविलें, असें तो शिलालेख सांगत नाहीं. बोधिधर्माच्या नांवाशीं व्यायामाची सांगड घालणारा 'यी-चिन-चिंग' हा ग्रंथ १६२४ चा आहे, आणि तो प्राचीन भासावा म्हणून त्यास जोडलेली सातव्या शतकांतील एका सेनापतीची प्रस्तावना बनावट आहे. शाओलिनची जुनी कीर्ति तर मुठीपेक्षां लाठीचीच अधिक होती. सतराव्या शतकाच्या आरंभीं छेंग त्सुंग-यू यानें त्या लाठीवर ग्रंथ लिहिला. त्यांत मठांतील जी परंपरा दिली आहे ती या विद्येचें श्रेय बोधिधर्मास देत नाहीं. ती देते स्वयंपाकघरांतील एका सेवकास, जो बंडखोर चालून आले असतां चुलींतील लांकूड सारण्याचा दांडा घेऊन धांवला आणि ज्याचें खरें रूप किन्नर हें होतें. किन्नर! शब्द संस्कृत, देव आपल्याकडचा, कथा मात्र चिनी चुलीजवळ जन्मलेली. देणें असेल तर तें अशा नांवांत आणि धर्मांत आहे, ठोशांत नाहीं.

आणि बोधिधर्माची कथा पाडली ती कोणा परक्यानें नव्हे. १९२८ मध्यें नानकिंग येथें चीनच्या राष्ट्रीय सरकारच्या आश्रयानें या विद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिच्याशीं संबंध असलेला थांग हाओ नांवाचा एक कायदेपंडित स्वतः या कलेचा अभ्यासी होता. त्यानें १९३० मध्यें शाओलिन आणि वू-तांग या दोन्ही संप्रदायांच्या मूळकथांची कागदपत्रांवरून छाननी केली, आणि एकीकडे बोधिधर्म व दुसरीकडे चांग सान-फंग हा चिनी सिद्धपुरुष या दोघांसही मूळपुरुषाच्या गादीवरून खालीं उतरविलें. यामुळें कित्येक नामांकित उस्तादांचा रोष त्यास पत्करावा लागला. परक्याचा मूळपुरुष नाकारणें सोपें असतें. त्यानें त्याच झपाट्यांत आपलाही नाकारला, म्हणून त्याची साक्ष आम्हांस मोलाची वाटते. आपल्या घरांतील कथा स्वतः तपासणारा असा पुरुष शेजाऱ्याकडे असतां आपण ती कथा जवळ ठेवून घेणें आम्हांस शोभण्यासारखें नव्हतें.

आमचें बोलणें संपल्यावर टाळ्या पडल्या त्या सौजन्याच्या. तो मुलगा खट्टू झालेला दिसला. मलेशियाचा तरुण मात्र हंसत जवळ आला आणि म्हणाला, "म्हणजे अंकल, आतां तुम्हांलाही आमच्यासारखीच मेहनत करावी लागणार." आम्ही म्हटलें, "होय. त्यास इलाज दिसत नाहीं."

त्या तरुणास असें बोलतां यावें याचें कारण त्याच्या आजोबांच्या संस्थेंत आहे. चिंग-वू मंडळ १९१० मध्यें शांघाय येथें निघालें. हुओ युआन-चिया हा प्रसिद्ध मल्ल त्याच्या आरंभाशीं निगडित होता, आणि त्याच वर्षीं तो वारला. तोंवर ही विद्या बहुधा बापाकडून मुलाकडे, किंवा गुरूकडून निवडक शिष्याकडे, दारें लावून जाई. एका गांवचा डाव दुसऱ्या गांवास दिसूं नये अशी दक्षता असे. या मंडळानें निरनिराळ्या संप्रदायांचे शिक्षक एका छपराखालीं आणले, शहरांतील कारकून, दुकानदार व विद्यार्थी यांस दारें उघडलीं, छायाचित्रांसहित पुस्तकें छापलीं, आणि थोड्याच वर्षांत स्त्रियांसही शिकविण्यास आरंभ केला. १९२१ च्या सुमारास त्याच्या शाखा सिंगापूर व क्वालालंपूर येथवर पोंचल्या. वारसा मोडून वर्गणी सुरू केली, असें कोणी कुत्सितपणें म्हणेल. पण ती वर्गणी नसती तर कारकुनाच्या मुलास ही विद्या दिसली नसती, आणि रसायनशास्त्राच्या इंग्रज मुलीकडून ती आमच्या गुडघ्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडेही त्याच सुमारास, १९१४ मध्यें, अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभें राहिलें. १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिकच्या निमित्तानें त्या मंडळाच्या पथकानें तेथें आपले देशी खेळ दाखविले. आणि त्याच वर्षीं त्याच नगरांत चिनी युद्धकलेचें पथकही आपली कला दाखवीत होतें. दोन्ही देश त्या वेळीं दुबळे समजले जात होते, आणि दोघेही आपली तालीम जगापुढें मांडून आम्ही तसे नाहीं असें सांगत होते. बोधिधर्माच्या काल्पनिक ठोशापेक्षां हें नातें आम्हांस अधिक जवळचें वाटतें. यांत कोणी कोणाचा बाप नाहीं.

ज्या लांकडी जमिनीवर आम्ही हें सर्व शिकत होतों, तिजवर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा आंखलेल्या होत्या, आणि आमचा तास संपत आला कीं बॅडमिंटनवाले दारांत रॅकेटी घेऊन खोळंबलेले दिसत. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत इंग्रज अंमलदार हा खेळ आमच्या पुण्यास खेळत, आणि त्यास 'पूना' असेंच म्हणत. परंतु त्या कारणानें पुण्याच्या माणसास त्या पटांगणावर एक गुण अधिक देण्याची पद्धत कोठेंही नाहीं. आम्हीं एकदां रॅकेट हातीं घेऊन हें पाहिलें. फूल आमच्या गांवाचें नांव न विचारतां जाळींत गेलें.

जानेवारींत सत्र पुन्हां सुरू झालें, आणि तीन नवे विद्यार्थी आले. ओळ लागली. आम्ही संवयीनें डाव्या टोकास जाऊन उभे राहिलों, तों शिकविणाऱ्या तरुणानें हातानें खूण करून आम्हांस तीन जागा उजवीकडे सरकविलें. नव्यांपैकीं शेवटचा अठरा वर्षांचा एक मुलगा मा-पूमध्यें उभा राहिला, आणि चाळिसाव्या सेकंदास त्याचे गुडघे आंत येऊं लागले. थोरल्या बहिणीनें आमच्याकडे नुसतें पाहिलें. आम्ही त्याच्याजवळ गेलों. बोलण्यासारखें पुष्कळ होतें. तीस वर्षांची संवय जिभेवर येऊन बसली होती. तिला तशीच ठेवून आम्हीं दोन बोटांनीं त्याचा गुडघा किंचित् बाहेर सारला, आणि निघून आपल्या जागेवर आलों. तेवढा वडीलपणा आम्हीं तीन महिन्यांत मिळविला होता. आणि आमच्या सर्व वडीलपणांत तेवढाच एक असा आहे, कीं जो केस काळे असते तरी आमचाच राहिला असता.

जूनमध्यें आम्ही परत आलों तेव्हां आमच्या पायांत बारांपैकीं चार मार्ग होते. आतां घरच्या गच्चीवर पहांटे ते चार गिरवितों. पांचवा कोणी शिकविणारा मिळेतोंपर्यंत चारच राहतील. पुस्तकांतून तो काढतां येत नाहीं, हें करून पाहिलें. मात्र कॉलेजांत एक फरक पडला आहे. निबंध परत देतांना समासांत 'अस्पष्ट' असें लिहिण्याचा प्रसंग आला, म्हणजे आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलावून शेजारीं बसवितों, वाक्यावर बोट ठेवितों, आणि तें हळूच कोणत्या बाजूस सारावयाचें तें दोघे मिळून पाहतों. यास वेळ फार लागतो.